मुरुडशेंग : मुरड्यावरचे औषध, त्याची मात्रा आणि त्याचे वेढे

सहाण

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात पितळेचा एक लहान डबा आहे. त्यात बाळगुटीची औषधे आहेत : हिरडा, बेहडा, सागरगोटा, वेखंड, जायफळ, मायफळ, काकडशिंगी, ज्येष्ठमध, हळकुंड, सुंठ, आणि या सगळ्यांत पहिल्याच नजरेत वेगळी दिसणारी, दोरखंडासारखा पीळ पडलेली मुरुडशेंग. ही शेंग आत्याने माझ्या धाकट्या भावासाठी उगाळली, पुढे माझ्या मुलीसाठी उगाळली आणि गेल्या वर्षी भाचीसाठीही उगाळली. सुरुवातीला ती करंगळीएवढी लांब होती. आता तिचा जेमतेम दीड पेराचा तुकडा उरला आहे, आणि झिजलेल्या टोकाकडून पाहिले की आतले पदर एखाद्या कापलेल्या सुंभासारखे दिसतात.

हिरडा, ज्येष्ठमध, अश्वगंधा यांच्याविषयी भरपूर लिहिले जाते. मुरुडशेंगेविषयी मात्र ‘पोटदुखीवर चांगली’ एवढ्यावरच बोळवण होते. आत्या आता ब्याऐंशी वर्षांची आहे, आणि तिच्याकडून ऐकलेले वेळेवर लिहून ठेवावे म्हणून हा धागा काढत आहे.

आत्याची पद्धत अशी होती. बाळाची आंघोळ आणि शेक झाला की ती आधी बाळाच्या आईला विचारत असे : शी किती वेळा झाली, रंग कसा होता, फेस होता की शेम होती, रात्री बाळ पाय पोटाशी घेऊन रडले का. मग बाळाच्या पोटावर हलकेच टिचकी मारून पोट डब्ब वाजते का ते पाही. एवढे झाल्यावर सहाण उकळत्या पाण्याने धुऊन, स्वच्छ फडक्याने कोरडी करून, तिच्यावर आईच्या दुधाचे चार-पाच थेंब घेऊन ती उगाळायला बसे. एकेक औषध सहाणेवर गोल फिरवायचे. एक पुरा फेरा म्हणजे एक वेढा. शी पातळ व हिरवट असेल तर मुरुडशेंगेचे दोन वेढे आणि हिरडा त्या दिवशी बंद. शी घट्ट असेल तर मुरुडशेंग डब्यातून काढायचीच नाही, हिरड्याचा एक वेढा वाढवायचा. जायफळाचा वेढा कधीही अर्ध्याच्या वर जात नसे, आणि शेजारच्या बायकांनी ‘बाळ झोपत नाही, जरा जास्त घाला’ असे म्हटले तरी ती ऐकत नसे.

माझे म्हणणे एवढेच आहे की आत्याचे खरे औषध या विचारण्यात आणि मोजण्यात होते. आज बाजारात सगळी औषधे एकत्र कुटलेली तयार गुटी मिळते, तिच्यात मुरुडशेंग आणि हिरडा कायमचे एकत्र बसलेले असतात, आणि आज कोणते वगळायचे हा प्रश्नच उरत नाही. आपापल्या घरी मुरुडशेंग कशी वापरली जात असे, कोणत्या दुखण्यावर वापरली जात नसे, आणि ती कुठून येत असे, हे सर्वांनी सविस्तर लिहावे अशी विनंती.

रानझरा

फार चांगला विषय. मी झाडाविषयी लिहितो.

मुरुडशेंगेचे झुडूप डोंगराकडच्या गावांत केवण किंवा केवणी या नावाने ओळखले जाते, आणि ही दोन्ही नावे एकाच झाडाची आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसते. गुराख्याला केवण ठाऊक असते, कारण तिच्या सालीचा वाख चिवट असतो आणि त्याची दावी व दोर वळतात. सुईणीला मुरुडशेंग ठाऊक असते, कारण ती तिच्या पुरचुंडीत असते. गुराखी झाड ओळखतो, सुईण फळ ओळखते.

शास्त्रीय नाव हेलिक्टेरिस आयसोरा. पहिला शब्द पिळासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे, तर दुसरा थेट मलबारातून : सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान रीडे याने केरळातील वनस्पतींचा जो बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, त्यात हे झुडूप तिथल्या ‘ईश्वरमुरी’ या नावाने नोंदले गेले, त्याचे ‘इसोरा मुर्री’ झाले, आणि लिनियसने १७५३ मध्ये तेच नाव उचलले. म्हणजे एका देशी नावाचा तुकडा आजही जगभरच्या वनस्पतिशास्त्रात वावरतो आहे. संस्कृतात हिला आवर्तनी म्हणतात, हिंदीत मरोडफली. मल्याळममधले आणखी एक नाव मला फार आवडते : ‘इडंपिरी वलंपिरी’, म्हणजे डावा पीळ, उजवा पीळ.

झुडूप पुरुष-दीड पुरुष उंच होते. सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणात, सातपुड्यात आणि विदर्भातल्या सागाच्या जंगलात मोठ्या झाडांच्या खाली ते वाढते. कुळ भेंडीचे आणि जास्वंदीचे, त्यामुळे पानाला हात लावला की भेंडीच्या पानासारखाच खरखरीतपणा जाणवतो. पाने धामणीच्या पानांशी बरीच जुळतात. फूल किंवा फळ नसताना नवख्या माणसाची फसगत होते. पावसाळ्यात फुले येतात. ताजे फूल वीटकरी लाल असते, त्याच्या पाकळ्या मागे वळलेल्या असतात आणि मधून एक लांब, वाकडा दांडा पुढे आलेला असतो, ज्याच्या टोकाशी पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र असतात. गेल्या भाद्रपदात मी एका झुडपासमोर अर्धा तास बसलो होतो. शिंजीर आला, त्याने चोच फुलाच्या तळाशी घातली, आणि त्या वाकड्या दांड्याचे टोक बरोबर त्याच्या कपाळावर टेकले. तो उडाला तेव्हा कपाळावर पिवळी भुकटी दिसत होती. त्याच डहाळीवर कालचे फूल निळसर करडे पडलेले होते, आणि त्याच्याकडे पक्ष्याने ढुंकूनही पाहिले नाही.

फळाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण जिला एक शेंग म्हणतो ती वस्तुतः पाच पदरांची असते. हे पाच पदर एकमेकांभोवती पीळ घालून वाढतात. फळ वाळले की पीळ सैलावतो, पदर आतल्या बाजूने उकलतात आणि बारीक, काळपट, कंगोरेदार बिया खाली पडतात. ‘सहाण’ यांना टोकाशी जे सुंभासारखे दिसते आहे ते हेच पदर आहेत.

इंदूमावशी

आमच्याकडे, तळकोकणात, मुरुडशेंग विकत आणायची वस्तूच नव्हती. दिवाळीनंतर रानात गेलेला कोणीही चार शेंगा आणून चुलीवरच्या शिंक्याला लावून ठेवत असे. धुराने तिला कीड लागत नसे.

मोठ्या माणसांनाही ती देत असत. पोटात कळ येऊन शौचाला थोडे थोडे व्हायला लागले, म्हणजे ज्याला आम्ही मुरडा म्हणतो, की शेंग तव्यावर किंचित भाजून, कुटून, चिमूटभर भुकटी ताज्या ताकातून देत. आव पडत असेल तर मात्र मुरुडशेंगेवर न थांबता पांढऱ्या कुड्याची साल आणली जात असे. माझे सासरे सांगत की मुरुडशेंग कळ सोडवते आणि कुडा आव थांबवतो, दोघांची कामे वेगळी आहेत. वासराला हगवण लागली तरी शेंगेचा काढा नळीने पाजत. कान फुटला तर शेंग जाळून तिची राख एरंडेलात कालवून कानात घालत असत, हेही मी पाहिले आहे.

जंतांवर मात्र आमच्याकडे वावडिंगच देत, मुरुडशेंग नाही. काही घरांत जंतांवरही ही देतात असे ऐकले आहे.

नवीआई

मी या विषयात अगदीच नवीन आहे, पण माझा प्रश्न आजचा आहे. माझे बाळ सात आठवड्यांचे आहे. रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ते रडायला लागते, चेहरा लाल होतो, मुठी आवळते, पाय पोटाशी घेते आणि दोन-अडीच तास थांबत नाही. बाकीचा दिवस चांगला असतो, दूध नीट पिते, वजन वाढते आहे. सासूबाईंना गुटी सुरू करायची आहे आणि त्यांचा जीव बाळासाठी तुटतो हे मला दिसते. आम्ही दुकानातून गुटीच्या औषधांची बांधलेली पुडी आणली. त्यातली मुरुडशेंग हातात घेतली तर तिच्या पिळाच्या खाचांमध्ये पांढरी बुरशी होती आणि तिला ओल्या गोणपाटासारखा वास येत होता. दुकानदाराला दाखवली तर तो म्हणाला की पुसून वापरा. मी ती फेकून दिली. पण आता काय करावे हे कळत नाही.

बाळपावले

मी बालरोगतज्ज्ञ आहे. ‘नवीआई’, आपण शेंग फेकली हे अतिशय योग्य केले. पीळ असलेल्या फळाच्या खाचा पुसून स्वच्छ होत नाहीत, आणि बुरशी वरवर पुसली तरी तिची विषे आत राहू शकतात.

तुम्ही जे वर्णन केले आहे ते तान्ह्या बाळांच्या पोटशुळाचे नेहमीचे वर्णन आहे. हे रडणे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत बहुतेक बाळांमध्ये आपोआप थांबते. म्हणून सहाव्या-सातव्या आठवड्यात जे काही सुरू करावे त्याचा गुण आल्यासारखा वाटतो, कारण उतार तसाही सुरू होणारच असतो. बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, पोट आपल्या हातावर टेकवून पालथे धरून फिरणे, दिवा मंद करणे, आणि आई थकली की घरातल्या दुसऱ्या माणसाने बाळ घेणे, हे उपाय त्या काळातून पार व्हायला पुरेसे असतात. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, पाणीही नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि मी तीच सांगतो. गुटीबरोबर मध चाटवण्याची पद्धत असेल तर एक वर्षापर्यंत मध कटाक्षाने टाळावा, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो.

याच डब्यातल्या आणखी दोन वस्तूंविषयी सांगणे माझे कर्तव्य आहे. वेखंडात बीटा-असॅरोन नावाचे द्रव्य असते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यामुळे गाठी झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यावर बंदी घातली. जायफळ जास्त झाले तर बाळ गुंगते, आणि गुंगलेल्या बाळाला शांत झोप लागली असे समजले जाते. ‘सहाण’ यांच्या आत्यांनी अर्ध्या वेढ्याच्या वर न जाण्याचा जो नेम पाळला तो अनुभवातून आलेला आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पाच ते नऊ महिन्यांच्या आसपासचे बाळ जर एकाएकी किंचाळून रडत असेल, दर दहा-पंधरा-वीस मिनिटांनी पाय आखडून घेत असेल, मधल्या वेळात निपचित पडत असेल, हिरवी उलटी करत असेल, किंवा शीमध्ये लालसर जेलीसारखे रक्त दिसत असेल, तर आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असू शकतो. त्या वेळी सहाण हातातही घेऊ नये. बाळाला थेट रुग्णालयात न्यावे. पहिल्या काही तासांत आणलेल्या बहुतेक बाळांचे आतडे शस्त्रक्रिया न करता हवेच्या किंवा द्रवाच्या दाबाने मोकळे करता येते. मुरडा समजून घरी दोन दिवस काढलेले बाळ मी पाहिले आहे, आणि त्याच्या आतड्याचा तुकडा काढावा लागला.

नवीआई

डॉक्टर, आपण इतके समजावून लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. सासूबाईंना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी आत्यांचा भाग दोनदा वाचायला लावला आणि म्हणाल्या की त्यांच्या आईही आधी विचारत असत. इंदूमावशी, तुम्हाला एक विचारायचे आहे : तुमच्याकडे किती महिन्यांपासून देत असत?

इंदूमावशी

बारसे झाले की. पण बाळे तेव्हा घरातच दहा बायकांच्या नजरेखाली वाढत होती, आणि तरीही हगवणीने बाळे जात होती, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. तुमच्या डॉक्टरांचे ऐका. संध्याकाळी बाळ रडले की पोटावर कोमट हात फिरवा, हात मात्र आधी आपल्या गालाला लावून पाहा.

मावळवैद्य

मी आयुर्वेदाचा व्यवसाय करतो. या चर्चेत दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

पहिली म्हणजे ‘थांबवणे’ या विषयी. मुरुडशेंग चवीला तुरट आहे, गुणाने ग्राही आहे, म्हणजे पातळ मलाला बांधणारी आहे. पण अतिसाराच्या चिकित्सेत आमच्याकडे एक मूलभूत नियम आहे : पोटात आम असताना, म्हणजे न पचलेला, चिकट, दुर्गंधी मल जात असताना, सुरुवातीलाच स्तंभन करू नये. आधी लंघन, पाचन, आणि मल स्वच्छ झाल्यावरही जुलाब चालू राहिले तरच बांधणारे औषध. म्हणूनच जुन्या घरांमध्ये पहिल्या दिवशी सुंठेचा वेढा आणि नंतर मुरुडशेंगेचा, असा क्रम दिसतो. बेसुमार तुरट औषधे देऊन जुलाब दाबले तर पोट फुगते आणि ताप वाढतो, हे मी स्वतः पाहिलेले आहे. आधुनिक वैद्यकही लहान मुलांना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या देऊ नयेत असेच सांगते, आणि या मुद्द्यावर दोन्ही शास्त्रे एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात.

दुसरी गोष्ट आकारासंबंधी. आतड्यासारखा पीळ आहे म्हणून ती मुरड्यावर चालते, असे सरसकट सांगितले जाते. माझ्या मते क्रम उलट असू शकतो : गुण अनुभवातून कळला आणि आकारामुळे तो लक्षात राहिला. लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणीला पन्नास औषधे स्मरणात ठेवायची असतील तर मुरड्याला मुरुडशेंग ही खूण फार उपयोगी आहे. मात्र केवळ आकारावर विसंबणे योग्य नाही. बाळगुटीतल्याच काकडशिंगीचा आकार शिंगासारखा आहे, पण ती शेंगही नाही आणि शिंगही नाही. ती एका झाडावर किड्यांमुळे आलेली पोकळ गाठ आहे. मायफळही तसेच, ओकच्या झाडावरची गाठ. तुरटपणा या तिघांनाही आहे, आकार मात्र तीन तऱ्हांचे.

कान फुटला असताना राख आणि तेल घालण्याविषयी इंदूमावशींनी लिहिले आहे. ती पद्धत होती हे खरे, पण पडद्याला छिद्र असताना कानात काहीही घालू नये असे मी आग्रहाने सांगेन.

जुलाब झालेल्या मुलाचा जीव जातो तो पाणी आणि क्षार कमी झाल्यामुळे. मुरुडशेंग द्या अथवा देऊ नका, जलसंजीवनी दिलीच पाहिजे. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात, मोठे पाकीट असेल तर एक लिटरमध्ये, सगळी पावडर एकदम मिसळायची. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अर्ध्या चमच्याच्या वर अजिबात जाऊ द्यायचे नाही.

बाळपावले

वैद्यांशी शंभर टक्के सहमत. त्यात एवढीच भर घालतो की जुलाबात मुलाला झिंकही चौदा दिवस द्यावे लागते आणि त्याची मात्रा वयाप्रमाणे असते, म्हणून ती डॉक्टरांकडून किंवा आशाताईंकडून घ्यावी. आईचे दूध बंद करू नये.

कृष्णाकाठ

विषय मुळांकडे नेतो, त्याबद्दल क्षमस्व, पण हा अनुभव लिहिलाच पाहिजे असे वाटते.

माझ्या वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. एका आठवडी बाजारात जडीबुटी विकणाऱ्याने त्यांना केवणीच्या मुळाची साल दिली आणि रोज सकाळी एक पेला काढा घ्यायला सांगितले. वडिलांनी आम्हाला न सांगता तो आठ दिवस घेतला, आणि त्यांच्या नेहमीच्या गोळ्याही चालूच होत्या. नवव्या दिवशी सकाळी ते अंगणात घामाने डबडबून बसलेले सापडले, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. साखर मोजली तर ४८. तोंडात गूळ घातला, मग साखरेचे पाणी दिले, आणि अर्ध्या तासाने ते पूर्ववत झाले. दोष काढ्याचा होता की त्या सकाळी ते जेवणापूर्वी शेतात गेले होते त्याचा, हे आम्हाला ठरवता आले नाही. पण मुरुडशेंग म्हणजे निरुपद्रवी गोष्ट, असे जे आम्ही समजत होतो ते त्या दिवशी संपले. मुळाचा असा उपयोग खरोखर सांगितलेला आहे का?

मावळवैद्य

मुळाची साल मधुमेहावर देण्याची पद्धत देशाच्या बऱ्याच भागांत आहे. प्रयोगशाळेत मधुमेही उंदरांना मुळाचा अर्क दिल्यावर त्यांची रक्तशर्करा उतरल्याचे आढळलेले आहे. म्हणूनच ती चालू गोळ्यांबरोबर स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो आणि साखर खाली जाऊ शकते. याच मुळांतून कुकुर्बिटासिन वर्गातली कडू द्रव्येही वेगळी केलेली आहेत. कडू पडलेल्या दुधीचा रस पिऊन माणसे गंभीर आजारी पडतात ती याच वर्गातल्या द्रव्यांमुळे. तेव्हा फळाची कीर्ती मुळाला लावू नये. सहाणेवर दोन वेढे उगाळलेले फळ आणि पेलाभर मुळाचा काढा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वडिलांना अजून एकदा पूर्ण तपासून घ्या. मात्रा येथे विचारू नका. मी ती लिहिणार नाही.

रानझरा

मुळे खणण्याला माझा आणखी एका कारणाने विरोध आहे. केवण तोडली किंवा वणव्यात जळाली तरी पहिल्या पावसानंतर बुडातून पुन्हा फुटते. मी ज्या टेकडीवर जातो तिथे तीन वेळा वणवा लागूनही तीच झुडपे उभी आहेत. शेंगा काढल्याने झाडाचे काही बिघडत नाही. मूळ खणले की मात्र झाड संपते. रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीतल्या बाईंबरोबर मी शेंगा गोळा करायला गेलो होतो. त्या प्रत्येक झुडपावरच्या वरच्या टोकाच्या शेंगा तशाच ठेवत होत्या. कारण विचारले तर म्हणाल्या, ‘त्या रानाच्या.’ २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा गौण वनोपजावर वनवासींचा मालकी हक्क मान्य केलेला आहे. जिथे ग्रामसभा हा हक्क बजावते तिथे व्यापाऱ्याला ओरबाडून माल नेता येत नाही, एवढे मी स्वतः पाहिलेले आहे.

शेंग घेताना काय पाहावे हेही लिहितो, कारण ‘नवीआई’ यांच्यासारखा अनुभव अनेकांना येतो. शेंग पूर्ण भरलेली, पण पीळ अजून घट्ट असलेली हवी. सैल सुटलेली शेंग म्हणजे बिया सांडलेली, जुनी शेंग. रंग तपकिरी असावा, काळा नव्हे. दोन शेंगा एकमेकींवर आपटल्या तर लाकडासारखा टणक आवाज यावा. बद्द आवाज आला तर आत ओल आहे. कुटलेली पूड घेऊ नये, कारण तिच्यात काय आहे हे मलाही सांगता येणार नाही. वैद्यांनी कुड्याचा उल्लेख केला नाही, पण इंदूमावशींनी केला आहे, म्हणून तेही सांगतो : पांढऱ्या कुड्याच्या सालीच्या जागी काळ्या कुड्याची साल सर्रास विकली जाते. मुरुडशेंगेच्या बाबतीत अखंड फळ घेतले तर अशी फसवणूक होणे कठीण आहे, कारण असा पीळ आपल्याकडच्या दुसऱ्या कोणत्याही फळाला नाही.

जावाकाठ

मी नोकरीनिमित्त सहा वर्षे जकार्तामध्ये आहे. हा धागा वाचत असताना हातातला चहाचा कप तसाच राहिला, कारण ‘रानझरा’ यांनी वर्णन केलेले फळ मी इथल्या बाजारात जामूच्या गाड्यावर कितीतरी वेळा पाहिले होते आणि कधी ओळखले नव्हते. जामू म्हणजे इथली घरगुती औषधी पेये. हळद, आले, चिंच अशा वस्तूंची. इथे मुरुडशेंगेला ‘कायू उलेस’ म्हणतात. कायू म्हणजे लाकूड, आणि फळ असूनही तिला लाकूड का म्हणतात हे ती वाजवून पाहिल्यावर पटते. आज सकाळी मुद्दाम गेलो आणि विकणाऱ्या आजींना विचारले की ही कशासाठी. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि तो मुठीसारखा पिळून दाखवला. भाषेची गरजच पडली नाही. लहान मुलांना देता का असे विचारल्यावर त्यांनी मान हलवून नाही म्हटले. त्या ती बाळंतिणीच्या आणि मोठ्या माणसांच्या पेयातच घालतात. तीन शेंगा घेऊन आलो आहे.

सहाण

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून मी आत्याला स्पष्टच विचारले की सहा महिन्यांच्या आत गुटी देऊ नये असे म्हणतात, तुला काय वाटते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आम्हाला दुसरं काही माहीत नव्हतं. ज्याला माहीत आहे त्यानं तसं करावं.’ थोड्या वेळाने तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी आजवर ऐकली नव्हती. तिच्या स्वतःच्या दुसऱ्या मुलीला दहाव्या महिन्यात जुलाब लागले होते. तिने दोन दिवस मुरुडशेंग उगाळली, तिसऱ्या दिवशी सकाळी टाळू खोल गेलेली दिसली, आणि तिने सहाण पालथी घालून मुलीला कडेवर घेऊन सात मैल चालत तालुक्याचा दवाखाना गाठला. मुलगी वाचली. तेव्हापासून ती बाळाच्या टाळूवर हात ठेवल्याशिवाय सहाण मांडत नसे. म्हणजे मी वर जी पद्धत लिहिली आहे तिच्यात हा एक भाग माझ्याकडून राहून गेला होता : शी, पोट, आणि टाळू.

आमच्या घरात आता ती शेंग मोठ्यांसाठीच राहील असे ठरले आहे. आत्याने सांगितलेले सर्व वेढे मी वहीत लिहून घेत आहे, कारण ते तिचे ज्ञान आहे आणि ते जसे होते तसे नोंदलेले राहायला हवे. प्रत्येक औषधापुढे डॉक्टरांनी आणि वैद्यांनी दिलेले इशारेही त्याच पानावर लिहिणार आहे, वेगळ्या पानावर नाही.

रानझरा

टाळूविषयी वाचून अंगावर काटा आला. आत्यांना माझा नमस्कार सांगावा.

एक लहानशी विनंती आहे. मल्याळम नावात डावा आणि उजवा असे दोन्ही पीळ आहेत, आणि मला एकाच झुडपावर दोन्ही प्रकारच्या शेंगा मिळालेल्या आहेत. ज्यांच्या घरी शेंग आहे त्यांनी ती डोळ्यांसमोर उभी धरावी आणि पुढच्या बाजूचा पदर वर जाताना उजवीकडे चढतो की डावीकडे, ते कळवावे. शेंग उलटी धरली तरी उत्तर बदलत नाही.

जावाकाठ

माझ्या तीनपैकी दोन उजवीकडे चढतात, एक डावीकडे.

इंदूमावशी

शिंक्यावर दोन होत्या. दोन्ही डावीकडे.

सहाण

आत्याच्या शेंगेचा दीड पेराचाच तुकडा उरला आहे, आणि झिजलेल्या बाजूचा पीळ जवळजवळ गुळगुळीत झाला आहे. खिडकीच्या उजेडात धरून नखाने चाचपत पाहिले, तेव्हा देठाजवळ एक पूर्ण वळसा अजून शाबूत सापडला. उजवीकडे चढतो.